पाऊण सूत

शनिवारी सकाळी शार्लटमधली आपली मंडळी साधारण तीन ठिकाणी सापडतात. कॉस्टकोत, देवळात, नाहीतर क्रिकेटच्या मैदानावर. मी मात्र गेलं वर्षभर एका पत्र्याच्या शेडमध्ये सापडतो, हाताला काळं लावून. व्हिडिओ कॉलवर आईला माझी नखं दिसली तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून शेवटी बापाच्याच वळणावर गेलास!" बाबांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि आपल्या थोर परंपरेला अनुसरून आयटीत गेलो. :) सध्या एका बँकेच्या प्रोजेक्टवर आहे. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेला कोड वाचायचा आणि त्याला फार धक्का न लावता बदलायचा, हे माझं पोटापाण्याचं काम.

शेड आमच्या टीममधल्या एकाच्या सासऱ्यांची. वय वर्षं शहात्तर. आयुष्यभर रेसच्या गाड्यांचे सांगाडे वेल्ड करत आले. मी त्यांना मनातल्या मनात 'आजोबा' म्हणतो, तोंडावर 'सर' म्हणतो आणि ते मला 'सन' म्हणतात. म्हणजे नातं बरोबर जुळलंय. मी व्हिसावर असल्यामुळे पगाराचा प्रश्नच नाही. दुपारचं जेवण आणि शिव्या मिळतात.

शेडमध्ये सत्तरीच्या दशकातली एक शेव्हर्ले शेव्हेल आहे. स्टॉक कार. खरीखुरी रेसमध्ये पळालेली. तिला पुन्हा ट्रॅकवर न्यायचं, पण जशी होती तशीच, हा आजोबांचा हट्ट. आणि 'जशी होती तशीच' म्हणजे नक्की कशी, यावर आमचं वर्षभर भांडण.

आता तुम्ही विचाराल, स्टॉक कार म्हणजे काय? इथे येईपर्यंत मलाही नॅस्कार म्हणजे अंगभर जाहिराती चिकटवून गोल गोल फिरणाऱ्या गाड्या एवढंच माहीत होतं. 'स्टॉक' म्हणजे शोरूममधून बाहेर पडली तशी. नॅस्कारने १९४९ साली अशा गाड्यांची मालिका सुरू केली आणि तिचं नावच 'स्ट्रिक्टली स्टॉक' ठेवलं. पहिली शर्यत इथेच, शार्लटमध्ये झाली. १९ जून १९४९, पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक. ग्लेन डनवे नावाचा ड्रायव्हर १९४७ ची फोर्ड घेऊन पहिला आला. शर्यतीनंतर तपासनिसांनी गाडीखाली डोकं घातलं, तर मागच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला! ही युक्ती मूनशाइनवाल्यांची. मूनशाइन म्हणजे इथली हातभट्टी. रात्री डोंगरातनं चोरून दारू न्यायची तर गाडी वजनाने खाली बसता कामा नये आणि वळणावर पोलिसांच्या हाती लागता कामा नये. म्हणून स्प्रिंगा ताठ करायच्या. डनवेला बाद केलं आणि कॅन्ससहून लिंकन घेऊन आलेला जिम रोपर विजेता ठरला. फोर्डच्या मालकाने दहा हजार डॉलर्सचा दावा ठोकला, न्यायाधीशांनी तो फेटाळला. थोडक्यात, पहिल्याच शर्यतीत पहिली आलेली गाडी बाद झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. हे वाचल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत स्टॉक हा शब्द नावापुरता उरला. आमच्या शेव्हेलचं छत, बॉनेट आणि डिकीचं झाकण तेवढं कंपनीचं. आत सगळा पाइपांचा पिंजरा. मागचा ॲक्सल चक्क फोर्डचा, कारण तो मजबूत, मग गाडी शेव्हर्लेची का असेना. मागच्या सस्पेन्शनचे लांब दांडे साठीच्या दशकातल्या शेव्हर्ले पिकअप ट्रकच्या डिझाइनचे. ही ट्रकवाली रचना इतकी पक्की ठरली की नॅस्कारच्या वरच्या मालिकेतल्या गाड्यांत ती २०२१ पर्यंत टिकली. २०२२ पासून नवी गाडी आली, तिचे बहुतेक भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. आजोबा त्याला गाडी बांधणं म्हणत नाहीत. "फर्निचर जोडणं," म्हणतात.

अशा जुन्या गाड्या फारशा का उरल्या नाहीत, हे मला आधी कळेना. कारण साधं आहे. तेव्हा त्या कुणाला 'जुन्या' वाटतच नव्हत्या. मोसम संपला की त्याच सांगाड्यावर नवीन मॉडेलचा पत्रा चढायचा. मग गाडी लहान टीमला विकायची. त्यांनी ती पळवायची, ठोकायची, पुढच्याला विकायची. आमची शेव्हेल शेवटी एका शेतात गवतात उभी होती. अंगावर तिसऱ्याच मॉडेलचा पत्रा आणि त्यावर बोटभर लांबी. ती शेव्हेल आहे हे ओळखलं पिंजऱ्यावरनं. वेल्डिंगची ढब, ब्रॅकेट कापून टाकल्यावर उरलेल्या खुणा, जुन्या सीटच्या माउंटिंगची बुजवलेली भोकं... हे सगळं जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंशी ताडून पाहायचं. फायरवॉलवर पॉलिश पेपर मारताना रंगाचे थर निघत गेले. पांढरा, मग लाल, मग निळा. निळा दिसला तेव्हा आजोबा खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

इथे भांडणाला सुरुवात झाली. माझं म्हणणं, छत गंजून गेलंय, दरवाजे नव्याने ठोकलेत, इंजिन दुसरं बसवलंय, मग ही 'तीच' गाडी कशी? आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तसं हे. हेमाडपंती दगडावर ऑइलपेंट फासायचा, गाभाऱ्यात फरशी बसवायची आणि म्हणायचं, देऊळ आठशे वर्षांचं आहे. आजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या देवळात काय काय बदललं ते कुणी लिहून ठेवतं का?" मी म्हटलं, नाही, देणगीदारांची नावं तेवढी लिहितात. ते म्हणाले, "मग माझी गाडी बरी." त्यांच्याकडे एक वही आहे. कुठला पत्रा जुना, कुठला नवा, कुठलं वेल्डिंग कोणत्या तारखेचं, सगळं त्यात. साध्या भाषेत, व्हर्जन कंट्रोल. :)

व्हिंटेज रेसिंगचे नियमही साधारण याच अंगाने जातात. गाडी तिच्या काळात पळाली त्या रूपात हवी. नंतरच्या काळातली गती तिला द्यायची नाही. आजचे ब्रेक, आजचं इंजिन, आजचे कार्बन फायबरचे भाग लावून सत्तरीच्या गाड्यांना हरवण्यात अर्थ नाही. बक्षिसाची रक्कम नसतेच. उलट बऱ्याच क्लबांत '१३/१३' नावाचा नियम आहे. तुमच्या चुकीने दुसऱ्याच्या गाडीला धडक बसली तर तेरा महिने बंदी, किंवा तेरा महिने नजरेखाली, आणि त्यात पुन्हा चूक केली तर आणखी तेरा महिने बाहेर. का, तर समोरची गाडी एकुलती एक असू शकते.

मुख्य नॅस्कारमध्ये तपासणीचा इतिहास मात्र उंदीर-मांजराचा आहे. पूर्वी अॅल्युमिनियमचे फर्मे असायचे. ते गाडीवर ठेवून फट किती राहते ते बघायचं. २०१८ पासून कॅमेरे आणि प्रोजेक्टर लावून अख्खी गाडी स्कॅन करतात. ती यंत्रणा हॉक-आयची. हो हो, तीच, जी एलबीडब्ल्यूच्या वेळी आपला जीव टांगणीला लावते.

आणि उंदरांचा राजा म्हणजे स्मोकी युनिक. डेटोना बीचवरचा मेकॅनिक. त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट इंधनाच्या नळीची. नियमात टाकीचं माप दिलेलं, नळीचं नव्हतं. याने अर्ध्या इंचाच्या जागी दोन इंच व्यासाची अकरा फूट नळी बसवली, त्यात म्हणे पाच गॅलन जादा पेट्रोल मावायचं. मी गणित केलं. (सवय.) दोन इंच व्यास, १३२ इंच लांबी म्हणजे साधारण ४१५ घनइंच. एका गॅलनचे २३१ घनइंच. म्हणजे पावणेदोन गॅलनच्या जरा वर, सात लिटरसुद्धा नाही. पाच गॅलनला तीस फुटांवर नळी लागेल. आजोबांना कागद दाखवला तर म्हणाले, "सन, गोष्ट सांगताना कॅल्क्युलेटर बाहेर ठेवायचा."

आमच्या गाडीतही अशी एक गोष्ट निघाली. डावीकडच्या फ्रेमच्या चौकोनी नळीला खालून एक आटे असलेलं बूच. काय कामाचं, ते मला कळेना. आजोबा गालात हसले. त्या काळी म्हणे काही जण नळीत शिशाचे छर्रे भरायचे. शर्यतीआधी वजन बरोबर. गाडी ट्रॅकवर गेली की बूच उघडायची व्यवस्था, छर्रे रस्त्यावर, गाडी हलकी. यातच ते झालं होतं का, ते आजोबांनी शपथेवर सांगितलं नाही. पण आता प्रश्न पडला. जशी होती तशीच गाडी बांधायची तर तिची लबाडीही बांधायची का? ते बूच काढलं तर गाडी खोटी, ठेवलं तर गाडी लबाड! शेवटी ठेवलं. नळी रिकामी, बूच स्पॉट वेल्डने पक्कं आणि वहीत एक ओळ. मला हे सगळं भयंकर आवडलं. घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं. स्मोकीची नळी, छर्रे, डनवेच्या स्प्रिंगा. फसवणुकीच्या गोष्टी लांबून फार गोड लागतात.

मग मार्च उजाडला आणि पिंजऱ्याची पाळी आली.

स्टॉक कारच्या पिंजऱ्याचा मुख्य पाइप पावणेदोन इंच व्यासाचा आणि ०.०९० इंच जाडीचा. उद्यमनगरच्या भाषेत बोलायचं तर पाऊण सुतालाही किंचित कमी. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाबा अजून मिलिमीटरमध्ये विचार करत नाहीत.) ड्रायव्हर आणि काँक्रीटची भिंत यांच्यामध्ये एवढंच असतं. ड्रायव्हरच्या बाजूचे दरवाजातले आडवे पाइप मूळचे होते, त्या काळच्या वेल्डिंगसकट. ते आजोबांचे लाडके. कारण ते वेल्डिंग ज्याने केलं होतं त्याच्याच हाताखाली ते पोरसवदा वयात काम शिकले. माणूस गेला, त्याच्या हाताची ही एवढी खूण उरलेली.

मी अल्ट्रासॉनिक गेज लावलं. जेल लावायचं, टोक टेकवायचं, आकडा वाचायचा. वरचे पाइप ०.०८८, ०.०८७. ठीक. सगळ्यात खालचा, ०.०५५. मी पुसून परत लावलं. ०.०५४. एका ब्रॅकेटसाठी कधीतरी पाडलेल्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी आत गेलं होतं आणि पाइप आतून गंजत गेला होता. बाहेरून रंग चकचकीत. आतून अर्धं सूतही नाही.

आजोबा म्हणाले, "परत बघ." परत बघितलं. मग म्हणाले, "रोड कोर्सवर पळवायची आहे, भिंती लांब असतात. तपासनीस काही प्रत्येक पाइपाला गेज लावत नाही." आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या बाजूने बोलेन असं त्यांना वाटलं असावं. वर्षभर तेच तर करत होतो.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आमची बाहाची टीम होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंजिनिअरिंगची पोरं एका सीटची ऑफ-रोड गाडी स्वतः बांधतात आणि पीथमपूरला नेऊन पळवतात. तिथेही पिंजऱ्याचे नियम. मुख्य पाइप एक इंची असेल तर जाडी तीन मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ एक सूत. आमची गाडी जड झाली होती. मी आणि अजून एक जण, आम्ही ठरवलं की मागचे पाइप दोन मिलिमीटरचे घालू. पाच मीटरमागे अडीच किलो वाचतात. जाडी दाखवायला जिथे भोक पाडायला सांगतात, त्याचा अंदाज सीनियर्सकडून मिळालेला. तेवढ्या जागी पाइपच्या आत एक मिलिमीटर जाडीची स्लीव्ह ठोकून बसवली. भोकातून पाहिलं तर तीन मिलिमीटर. स्लीव्ह मी बाबांच्या लेथवर टर्न केली. बाबांनी विचारलं, "कशाला रे?" मी म्हटलं, "बुश आहे."

तपासणीत पास झालो. त्या रात्री आम्ही दोघं स्वतःला स्मोकी युनिक समजत होतो. अर्थात तेव्हा ते नाव माहीत नव्हतं.

महिन्याभराने कॉलेजच्या ग्राउंडवर ज्युनिअर्सना गाडी दाखवताना ती उलटली. वेग फार नव्हता. पण मागचा पाइप दुमडला आणि वरचा हूप खाली आला. आमच्या ड्रायव्हरचं कॉलरबोन मोडलं, खांद्यात प्लेट घालावी लागली. पाइप नेमका कुठे दुमडला? जिथे स्लीव्ह संपत होती, तिथेच. जाड भाग संपून पातळ सुरू होतो तिथे ताण एकवटतो, हे दुसऱ्या वर्षाच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आहे. मला त्यात अठ्ठ्याहत्तर मार्क होते. सगळे म्हणाले बॅड लक. तो हॉस्पिटलमध्ये असताना मी ग्राइंडर घेऊन तो तुकडा कापला आणि भंगारात टाकला. त्याला हे माहीत नव्हतं. त्याने पुढे गाडी चालवणं सोडलं.

आजोबांना मी हे सगळं सांगितलं नाही. माझं इंग्रजी अशा वेळी तोकडं पडतं. एवढंच म्हटलं, "सर, एकदा मी असा पाइप राहू दिला होता. माझा मित्र आत होता."

ते काही बोलले नाहीत. कॉफी प्यायले. मग स्वतःच सांगू लागले, फायरबॉल रॉबर्ट्सबद्दल. त्या काळचा सगळ्यात मोठा स्टार. मे १९६४ मध्ये इथल्याच ट्रॅकवर अपघातात त्याची गाडी पेटली, जुलैमध्ये तो गेला. त्यानंतर पत्र्याच्या टाकीऐवजी आत रबराची पिशवी असलेली फ्युएल सेल आली. २००१ मध्ये डेल अर्नहार्ट गेला, त्यावर्षीच्या ऑक्टोबरात डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं झालं. "गतीचे नियम ऑफिसात बसून लिहितात," आजोबा म्हणाले. "हे दुसरे नियम वेगळ्या ठिकाणी लिहिले जातात."

म्हणूनच व्हिंटेजवाले खरेपणाचा एवढा आग्रह धरतात, पण सीटचा पट्टा जुना चालवून घेत नाहीत. पट्ट्यावर तारीख असते, मुदत संपली की बाद. फ्युएल सेल, आग विझवायची यंत्रणा, मानेचं उपकरण, हे सगळं आजचं हवं. सत्तरीची गाडी सत्तरीसारखी दिसावी, वाजावी, वळावी. सत्तरीसारखं मरायला मात्र परवानगी नाही.

आजोबांनी पाइप स्वतः कापला. मला हात लावू दिला नाही. दोन्ही टोकांची जुनी वेल्डिंग राखून, इंचभर सोडून कापला. नवीन पाइप त्याच व्यासाचा, त्याच जाडीचा. आणि जुना तुकडा? त्याला तारेने एक पितळी बिल्ला बांधला, गाडीचा नंबर आणि तारीख ठोकली आणि भिंतीवर खिळ्याला अडकवला. आत येणाऱ्याला आधी तोच दिसतो. वहीत लिहिलं, 'खालचा पाइप बदलला. आतून गंजलेला. ०.०५४.' मी त्या तुकड्याकडे बघत उभा होतो आणि मला भंगाराच्या ढिगात पडलेला तो दुसरा तुकडा आठवत होता.

गेल्या महिन्यात गाडी व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवेवर नेली. १९५७ चा ट्रॅक, मध्ये बरीच वर्षं बंद होता, २००० साली परत सुरू झाला. झाडी, चढउतार, सव्वातीन मैलांचा फेरा. तपासनीस बाई आल्या. पट्ट्यांच्या तारखा बघितल्या, फ्युएल सेल बघितली, मग नव्या पाइपवर बोट टेकवून विचारलं, "हा मूळचा नाही ना?" मी श्वास रोखला. आजोबांनी वही उघडून दिली. त्यांनी वाचलं, मान डोलावली, स्टिकर लावला. पाच मिनिटांचं काम. बूच मात्र त्यांनी बराच वेळ निरखलं आणि त्यावरची ओळ वाचून मोठ्याने हसल्या.

गाडी सुरू झाली तो आवाज मी लिहू शकत नाही. छातीच्या फासळ्यांत ऐकू येतो. आजोबांचा जावई चालवत होता. पंधरा गाड्यांत नववा आला. आम्ही पहिला आल्यासारखे नाचलो.

त्या रात्री मोटेलमधनं मी पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. आमचा ड्रायव्हर हिंजवडीला निघाला होता. इकडचं तिकडचं झालं, मग मी सांगून टाकलं. स्लीव्ह, लेथ, ग्राइंडर, सगळं. पलीकडे फक्त हॉर्न ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "आठ वर्षांनी सांगतोस होय रे भावा." चिडून नव्हे, पण हसूनही नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "पावसाळ्यात अजून दुखतो खांदा." आणि मग, "चल, सिग्नल सुटला," म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मी दर रविवारी एक मेसेज टाकतो, निळी टिक येते. बाबांना सांगायचं अजून बाकी आहे. बुश नव्हतं ते.

असो. फार लांबलं. उद्या शेडमध्ये ब्रेक उघडायचेत.